कोणत्या प्राध्यापकांकडे कोणता जीव?

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली, ती हातात कागदांची चळत घेऊनच. बारावीला मी तिला जीवशास्त्र शिकवले होते, आता टी.वाय.ची परीक्षा देऊन ती एम.एस्सी.साठी विभाग शोधते आहे. मुंबईतल्या तीन जीवशास्त्र विभागांतील प्राध्यापकांच्या याद्या तिने छापून आणल्या होत्या. प्रत्येक नावापुढे तीन रकाने होते: शिक्षण, अध्यापनाचे विषय आणि संशोधनाचे क्षेत्र. “मॅडम, सगळ्यांचे सारखेच दिसते आहे. यातून निवडायचे कसे?” असे तिने विचारले.

तिची तक्रार रास्त होती. रेणवीय जीवशास्त्र, पेशीजीवशास्त्र, पर्यावरणीय जैवतंत्रज्ञान हे शब्द तिन्ही याद्यांत इतक्या वेळा आले होते, की नावे झाकली असती तर कोणती यादी कोणत्या विभागाची हे ओळखता आले नसते. मी तिच्या हाती पेन्सिल दिली आणि सांगितले, की हे मोठे शब्द तूर्त बाजूला ठेव आणि प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती रोज कोणत्या जीवाची उस्तवार करते एवढेच लिही. यादीतून कळत नसेल तर त्यांचे दोन शोधनिबंध काढ आणि त्यांतला ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग आधी वाच. माशी, मासा, तिवर, जिवाणू, उंदीर, नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी, असे काहीतरी सापडेलच. पुढची दोन वर्षे कशी जातील हे बरेचसे त्या एका शब्दावरून ठरते, असे माझे मत आहे.

अध्यापनाच्या रकान्याबद्दल तिचा एक गैरसमज दूर करावा लागला. जो विषय शिकवतात त्यातच ते संशोधन करत असणार, असे तिने धरले होते. प्रत्यक्षात विभागात माणसे मोजकी असतात आणि अभ्यासक्रमाला जीवरसायन, आनुवंशिकी, शरीरक्रिया, प्रतिकारशास्त्र, परिसंस्था, जैवसांख्यिकी हे सगळेच लागते, त्यामुळे कोणीतरी आपल्या संशोधनापासून दूरचा पेपर अंगावर घेतो. मी ज्या विभागात शिकले तेथे जैवसांख्यिकी शिकवणारे सर मूळचे माशांवरील विषपरिणामांचे अभ्यासक होते. आम्हाला पहिल्या दिवशी वाटले, की झाले, आता आकडेमोडीत वर्ष जाणार. सरांनी मात्र काचेच्या टाक्यांपुढे उभे करून आम्हाला एलसी-५० ही कल्पना शिकवली: ठरावीक मुदतीत, बहुधा ९६ तासांत, टाकीतले निम्मे मासे मरतील एवढे पाण्यातले विषाचे प्रमाण. पाचव्या टाकीतला एक मासा का जगला, हा प्रश्न वर्गात निघाला आणि तेथून प्रमाण विचलनापर्यंत आम्ही कधी पोहोचलो ते कळलेच नाही. अशा ठिकाणी अध्यापन आणि संशोधन एकमेकांत मिसळलेले असते. यादीत मात्र ते दोन वेगळ्या रकान्यांत बसलेले दिसतात.

तिच्या एका यादीत फळमाशीवर काम करणाऱ्या प्राध्यापिका होत्या आणि तेथे मी जरा रेंगाळले, कारण माझा स्वतःचा प्रकल्प त्याच माशीवर होता. मुंबईला या माशीची परंपरा आहे. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. पुढे सिमोर बेन्झर या अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत त्यांनी तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, माश्यांचा अभ्यास केला. ते काम १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर कुलाब्यातल्या याच संस्थेत सिद्दिकी यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह माशीला वास आणि चव कशी कळते याचा आनुवंशिक शोध सुरू झाला.

हे सगळे ऐकायला भारदस्त आहे. विद्यार्थ्याच्या वाट्याला जे येते ते वेगळे. मक्याचे पीठ, गूळ, अगर आणि यीस्ट यांचे खाद्य शिजवायचे, ते तळाशी लागू द्यायचे नाही, बाटल्यांत ओतायचे आणि तोंडाला कापसाचे बोळे लावायचे. २५ अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशांवर जवळजवळ दुप्पट. संकरासाठी कुमारी माद्या लागतात, कारण मादी एकदा मीलन झाल्यावर शुक्रपेशी साठवून ठेवते आणि मग पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. २५ अंशांवर कोशातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत मादी वेगळी काढली तरच तिची खात्री देता येते. फिकट अंग आणि पोटावर दिसणारा एक काळसर ठिपका, एवढी तिची खूण. माझी जोडीदारीण बदलापूरहून यायची. सकाळी आठला बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा पाहायचे आणि संध्याकाळी बाटल्या १८ अंशांच्या कपाटात ठेवून गाडी पकडायची, म्हणजे थंडीत माश्यांची वाढ मंदावून रात्री सवड मिळे, हे गणित तिने आनुवंशिकीच्या पुस्तकाआधी रेल्वेच्या वेळापत्रकावर सोडवले होते. एका मे महिन्यात वातानुकूलन यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीचा कागद टेबलांवरून फिरत राहिला. तापमान तिशीच्या आसपास गेले की नर वांझ होतात. आमच्या बाटल्यांत माश्या होत्या, अंडीही होती, अळ्या मात्र नव्हत्या. त्यामुळे माशीवाल्या प्राध्यापकांना भेटलीस तर संशोधनाचा विषय विचारण्याआधी कपाटाचे तापमान विचार, असे मी तिला सांगितले.

आनुवंशिकी शिकवणाऱ्या प्रत्येकाला या शहराने एक उदाहरण आयते देऊन ठेवले आहे. परळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद केली, तोच बॉम्बे रक्तगट. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच हा मूळ प्रतिजन, म्हणजे ज्यावर ए आणि बी घडतात तो रेणूच, नसतो. त्यामुळे ए किंवा बी जनुक असूनही ते उमटत नाही, नेहमीच्या चाचणीत रक्त ओ दिसते आणि तरीही ओ गटाचे रक्त त्यांना चालत नाही, कारण त्यात एच असतो. एक जनुक दुसऱ्याला झाकून टाकते ही गोष्ट मी दरवर्षी याच उदाहरणाने शिकवते आणि दरवर्षी वर्गात कोणीतरी आपल्या रक्तगटाचे कार्ड पाकिटातून काढून पाहते. मानवी आनुवंशिकीवर काम करणारे प्राध्यापक हे कसे शिकवतात, ते एकदा मागच्या बाकावर बसून ऐक, असेही मी तिला सुचवले.

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांबद्दल मी फार बोलले नाही. तेथे निर्जंतुकपणाची शिस्त आणि खर्च या दोनच गोष्टी पाहायच्या. संगणकावर जनुकक्रम जुळवणाऱ्या एका प्राध्यापकांपुढे तिने ‘जीव नाही’ असे लिहिले, तेव्हा मला हसू आले, पण ते खोडायला मी सांगितले नाही.

तिसऱ्या यादीतील एका नावापुढे ‘वनस्पती शरीरक्रिया, क्षारता’ एवढेच होते. निबंध उघडला तर ठाण्याच्या खाडीतली तिवरे निघाली. तिवराचे पान जिभेला लावले की खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळे तर लांबून खिळे ठोकल्यासारखी दिसतात. अशा विभागात तासिकांचे वेळापत्रक दोन असतात, एक फलकावरचे आणि दुसरे चंद्राचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळीवाड्यातला हिशोब मी तिला सांगितला: अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. म्हणजे ऐन उन्हात, आणि तेही भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे पाणी; ते फारसे उतरत नाही. नमुने घ्यायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी गाठावी लागते आणि ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते.

एक गोष्ट या याद्यांत कोठेच नसते, ती मला तिला सांगावीच लागली. बऱ्याच विभागांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावर नेमलेली माणसे करतात. त्यांतल्या काहींची पीएच.डी. झालेली असते आणि एखाद्या जीवाची त्यांना विलक्षण माहिती असते, पण संशोधनाच्या रकान्यात त्यांचे नाव येत नाही आणि प्रयोगशाळेत त्यांना स्वतःचे कपाटही मिळत नाही. मला गोगलगायींची ओळख करून देणाऱ्या बाई अशाच होत्या.

परवा रात्री तिचा फोन आला. तिवरांच्या प्राध्यापिकांना ती भेटून आली होती. गुण, प्रकल्प, नेट परीक्षेची तयारी यांतले काहीच त्यांनी विचारले नाही. “रविवारी द्वितीया आहे, साडेसातला पाणी उतरलेले असेल. गमबूट असतील तर घेऊन ये,” एवढेच म्हणाल्या. माझे जुने गमबूट तिला होतील का, हे विचारायला तिने फोन केला होता.