लेकीला एकटं झोपवायला निघालो आणि अडलो पोलवरच्या लाईटवर : माझा अनुभव

लेक एकटी झोपायला लागली त्याला आता दोन महिने होऊन गेले म्हणून लिहितेय, आधी लिहिलं असतं तर दृष्ट लागली असती (हसू नका, मीठमोहऱ्या आमच्याकडे अजून शनिवारी उतरवतात).

आम्ही गुहागरच्या बाजूला राहतो. कौलारू घर, मागे माडाची बाग, रात्री गाज ऐकू येते. लेक ५ वर्षांची. जानेवारीत धाकटा झाला आणि चौघं एका पलंगावर मावेनात, म्हणून बाईसाहेबांना आतल्या खोलीत वेगळं झोपवायला सुरुवात केली. बऱ्यापैकी जमत होतं. मग आला शिमगा. खेळे, म्हणजे शिमग्यात घरोघरी नाचत-गात फिरणारी मंडळी, दारात आले, त्यात संकासूर, म्हणजे काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, आणि तो पोरांच्या मागे धावतो. आम्हीपण लहानपणी किंचाळत पळालोय, मजाच असते ती. ही पण पळाली, पण त्या रात्रीपासून एकटी झोपेना.

चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाकट्याच्या डोससाठी गेलो होतो तेव्हा हिचंपण विचारून घेतलं. ते म्हणाले ३ ते ६ वर्षांत कल्पनाशक्ती जोरात असते, खरं-खोटं नीट वेगळं होत नाही, त्यामुळे अशी भीती या वयात वाटतेच. झोपायच्या आधी तासभर मोबाईल-टीव्ही बंद, रोज तीच वेळ, आणि झोपेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसा, मग दर तीन-चार दिवसांनी खुर्ची थोडी थोडी दाराकडे सरकवा. खुर्ची दारापर्यंत दहा-बारा दिवसांत पोचली. मी खूश. सासूबाईंना म्हंटलं बघा, पंधरा दिवसांत काम फत्ते.

कसलं फत्ते. खुर्ची दारात जी अडकली ती महिनाभर तिथेच.

झालं काय, खिडकीसमोर रस्त्यावर पोल आहे आणि त्याचा लाईट खराब. नुसता बंद असता तर चाललं असतं, हा लुकलुकायचा. मधे गडग्यापलीकडे (गडगा म्हणजे दगडी कुंपण) एक माड, त्याची एक झावळ अशी वाकलेली की तिची सावली बरोब्बर हिच्या भिंतीवर पडायची, वर टोक आणि खाली हलणारा घोळ. मी स्वतः तिच्या उशीवर डोकं ठेवून बघितलं आणि खरं सांगते, संकासूरच. तोही लुकलुकणारा. पोरगी काही खोटं बोलत नव्हती.

तुम्ही म्हणाल पडदा लावा. लावला. मे महिन्यात आमच्याकडे खिडकी झाकून झोपून दाखवा मग बोलू. घामाने अंग चिकट, शिवाय आता "पडद्यामागे कोणे?" हे नवीनच सुरू झालं. झिरोचा बल्ब लावला तर सावली फिकी झाली, गेली नाही. झावळ तोडावी तर माड भावकीचा, आणि भावकीशी आमचं बोलणं गडग्यावरूनच बंद आहे. खोली बदलावी तर दुसऱ्या खोलीत सासू-सासरे.

मग मी ग्रामपंचायतीत गेले. पहिल्यांदा ग्रामसेवक तालुक्याला मिटिंगला. दुसऱ्यांदा भेटले, म्हणाले पोल आमचा नाही, लाईटवाल्यांचा आहे, तिकडे जा. तिकडे गेले, धाकट्याला कडेवर घेऊन, भर दुपारी. ते म्हणाले पोल आमचा पण वरचा दिवा पंचायतीचा, आणि पोल नंबर काय? पोल नंबर असतो हे मला त्या दिवशी कळलं, पोलवरच रंगवलेला असतो, जाताना लिहून न्या. परत पंचायतीत. अर्ज लिहिला तर क्लार्क वाचून हसायला लागला, "मुलीला भीती वाटते हे कारण कसं चालेल, सर्पभय लिहा." मी लिहिलं. रात्री साप-विंचवाची भीती, ग्रामस्थांची गैरसोय वगैरे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मारून पोच घ्या हं, मी पहिल्यांदा घेतली नव्हती आणि तो अर्ज सापडलाच नाही, पुन्हा लिहावा लागला. मग "सामान आलं नाही", मग "वायरमन आजारी", मग पाऊस. मला राग दिरंगाईचा नाही एवढा त्या हसण्याचा आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दारात खुर्चीवर मी बसत होते, तो नाही.

हे मधेच आठवलं म्हणून सांगते, "पाच मिनिटांनी येते" म्हणालात तर पाचव्या मिनिटाला जाच. मी दोनदा गेले नाही, तर ती स्वतःच बघायला यायला लागली. आणि तिला रोज एक जुनं एसटीचं तिकीट द्यायचो, एका तिकिटावर रात्रीतून एकदाच बाहेर यायचं, पाणी किंवा शू, तिकीट जमा, परत झोप. हे मात्र फार कामाला आलं, कारण कित्येकदा ती तिकीट हातात धरूनच झोपून जायची, खर्चायला जिवावर यायचं तिच्या.

सुटलं ते जूनमध्ये, लाईट गेली त्या रात्री. सगळ्या गावाची गेली. नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीवर हाताने कुत्रा केला, हरीण केलं, मग वर्तमानपत्राची शंकूसारखी टोपी करून थेट संकासूर केला. मी म्हंटलं झालं आता, रात्रभर जागरण. पण हिने टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि टॉर्चच्या जवळ नेली की तो मोठा होतो, भिंतीजवळ नेली की बारका होतो हे तिचं तिने शोधलं, आणि अर्धा तास संकासुराला मोठा-बारका करत बसली. दोन दिवसांनी पोलवरचा लुकलुक सुरू झाला तर म्हणते, "आई, कोणीतरी टॉर्च हलवतंय." आठवड्यात खुर्ची माजघरात. सगळं श्रेय नवऱ्याला मिळालं, दारात महिनाभर बसलेली मी कोणाच्या लक्षातही नाही, असो.

अजून एक, डॉक्टरांनी सांगितलेलं. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल डोळे उघडे ठेवून किंचाळत असेल, तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काही आठवत नसेल तर ते वेगळं, तेव्हा हलवून उठवायचं नाही, नुसतं जवळ थांबायचं आणि पडणार-लागणार नाही एवढं बघायचं. पहाटेकडे जागं होऊन स्वप्न सांगतं ते वाईट स्वप्न, तेव्हा जवळ घ्यायचं. आणि या वयात दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, पण आमची दुपारी पाचपर्यंत झोपायची, मग रात्री कशाला डोळा लागतोय. चारलाच उठवायला लागलो. जेवत नाही म्हणून "संकासुराला बोलवू का" हे घरातल्या मोठ्यांनी बंद करायला मात्र लेकीपेक्षा जास्त दिवस लागले.

पोलवरचा दिवा गणपतीच्या दोन दिवस आधी बदलला. चाकरमानी यायचे असतात ना, तेव्हा सगळे दिवे लागतात. नवीन पांढरा एलईडी, थेट हिच्या उशीवर. पहिल्याच रात्री आतून हाक, "आई, पडदा लाव ना, उजेडात झोप येत नाही."

पडदा सासूबाईंनी गोधडीत घातला होता.