पांढऱ्यावर पांढरे

भूगोलाच्या तासाला खुंटीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे तळाची पांढरी पट्टी, तीही अर्धी खालच्या लाकडी दांड्याला गुंडाळलेली. मोजणीच्या कामात केस पिकलेल्या माजी विद्यार्थ्याने महोत्सवी अंकात लिहायचे, तर त्या पट्टीचा एक कोपरा कसा भरला गेला तेच लिहावे.

१९४७-४८ मध्ये अमेरिकन संशोधन मोहिमेचे प्रमुख फिन रॉनी आणि त्यांच्या पत्नी एडिथ अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या स्टॉनिंग्टन बेटावर राहिले. एडिथबाईंकडे नोंदी, वृत्तपत्रांची बातमीपत्रे, भरती-ओहोटी आणि भूकंपमापक. फिन विमानातून वेडेल समुद्राकाठचे फोटो घेत. कॅमेरे तीन: एक सरळ खाली, दोन डाव्या-उजव्या क्षितिजाकडे कललेले. वाकळ शिवताना तुकड्यावर तुकडा चढवतात, तसा प्रत्येक फोटो पुढच्यावर निम्म्याहून जास्त चढावा लागतो. एरवी जमिनीची उंची काढता येत नाही. कोऱ्या बर्फावर तर चढूनही उपयोग नाही, जुळवायला खूणच नसते. असे सुमारे १४,००० फोटो झाले.

पण फोटो म्हणजे नकाशा नव्हे. अक्षांश-रेखांश पक्के ठाऊक असलेले बिंदू जमिनीवर हवेत, तेही खडकावर. बर्फात रोवलेली काठी बर्फाबरोबर चालू लागते. शेजारच्या ब्रिटिश तळासोबत कुत्र्यांच्या घसरगाड्या दक्षिणेला धाडल्या त्या यासाठीच.

बिंदू काढायचा तो थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने, सूर्याची क्षितिजापासूनची उंची घेऊन, क्रोनोमीटर हे अचूक घड्याळ लावून. घड्याळ ४ सेकंद चुकले की रेखांश १ मिनिटाने चुकतो: सोलापुरात पावणेदोन किलोमीटर, ७० अक्षांशावर जेमतेम ६३० मीटर. तिथे घड्याळापेक्षा हवा दगा देते. आपल्याकडे मे महिन्यात होटगी रस्त्यावर पाणी चमकते ते तापलेल्या थरामुळे. तिथे थंड थर खाली, म्हणून क्षितिजामागचे डोंगर वर उचललेले दिसतात. त्यात वक्रीभवनाचा, म्हणजे हवेत किरण किती वाकतो ते सांगणारा, तक्ता १० अंश सेल्सियसचा. उणे ३० ला किरण सहाव्या हिश्शाने जास्त वाकतो. सूर्य ५ अंशांवर असताना ही दुरुस्ती विसरलात, तर अक्षांश सुमारे ३ किलोमीटर सरकला! शिवाय तेल थिजून यंत्र जड फिरते, आणि श्वास लागला की नेत्रभिंगावर हिमाचा पापुद्रा.

फिननी त्या प्रदेशाला 'एडिथ रॉनी भूमी' म्हटले. १९५७-५८ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखालच्या, वेडेल समुद्राकाठच्या एल्सवर्थ तळाच्या कामातून कळले, की त्यातला बराच भाग भूमी नसून समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे. 'भूमी' जाऊन 'हिममंच' आला. पुढे 'एडिथ'ही गळले. आजच्या नकाशात नुसते 'रॉनी' आहे.