कामाची व्हॅन भंगारात देताना

वायरिंगच्या कामाला राबून राबून माझी व्हॅन थकली आणि शेवटचे 14 महिने एकाच जागी उभी राहिली. इंजिन गेलेलं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. भंगारात द्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं, एक फोन केला की काम झालं. फोनवरच्या माणसाने पहिलंच विचारलं, "चाकं फिरतात का?" मी बिनधास्त "हो" म्हणून मोकळा झालो.

संध्याकाळी ढकलून बघितली तर जागची हलेना. उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला होता, तोच नडला. मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक शू, म्हणजे ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, गंजून ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, चिकटले होते. चाक फिरत असेल तर केबल लावून गाडी सरळ ट्रकवर ओढता येते, जाम असेल तर फरफटत न्यावी लागते किंवा क्रेन आणावी लागते. म्हणजे पुन्हा वेगळे पैसे. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड दिला आणि चाक काढलं. मग ड्रमच्या कडेला लाकडाचा तुकडा धरून हातोडीने गोल गोल ठोकत बसलो. बराच वेळ नुसता दणदणाट. शेवटी एकदाचा 'टक्' आवाज झाला, तपकिरी भुकटी खाली सांडली आणि ड्रम हाताने फिरला. इतका आनंद मला नवीन गाडी घेतानाही झाला नव्हता. उरलं फक्त दोन टायरमध्ये हवा भरणं.

रिकामी करायला मात्र अख्खा रविवार गेला. मागचे रॅक मीच कधीतरी बोल्टने पक्के केलेले, आता तेच बोल्ट सुटेनात. सीटखाली तीन टेस्टर, वायरींचे तुकडे, मूठभर स्क्रू आणि 'मागचं दार' अशी चिठ्ठी बांधलेली एक किल्ली सापडली. कोणाचं मागचं दार, देव जाणे! अर्धे भरलेले स्प्रेचे डबे आणि छोटा गॅस सिलिंडर आठवणीने काढला. गाडी पुढे दाबयंत्रात जाते, तिथे असलं काही फुटलं तर एखाद्याच्या जिवावर बेतेल.

बॅटरी काढण्यात मी नको तेवढी हुशारी केली. आधी काळी वायर सोडायची, मग लाल, हे धंद्यामुळे पाठ. लाल आधी सोडताना पाना बॉडीला टेकला की शॉर्ट होतो. पण बॅटरी काढल्यावर लक्षात आलं की ड्रायव्हरकडची काच अर्धी उघडी आहे आणि ती बटणाशिवाय वर जात नाही. शिवाय म्युझिक सिस्टिममध्ये फोनमधले सगळे नंबर, नेव्हिगेशनमध्ये घराचा पत्ता तसाच. बॅटरी परत जोडली, काच चढवली, सगळं पुसलं. डॅशकॅमचं कार्ड काढलं. वरून कळलं की ठरलेला भाव पूर्ण गाडीचा आहे, बॅटरी आणि सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धरून. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे तो नसला की भाव पडतो. मग बॅटरी जागेवरच ठेवली, फक्त वायरी सोडून टोकांना टेप गुंडाळला.

ऑइल आणि कूलंटही काढून ठेवणार होतो, पण फोनवरच्या माणसाने हात लावू नका म्हणून बजावलं. ते बरोबरच होतं. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी, सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो. एसीचा गॅस तर घरी सोडूच नये. ही कामं यार्डात, त्यांच्या साधनांनीच व्हावीत.

दारावरचं नाव आणि फोन नंबर हेअर ड्रायरने गरम करून सोलून काढले. लांबून बघतो तर नंबर अजून स्पष्ट वाचता येतोय! आजूबाजूचा रंग उन्हाने विटलेला, स्टिकरखालचा तसाच टवटवीत. शेवटी त्यावर काळा स्प्रे मारला.

ट्रक ठरल्या दिवशी आला आणि गाडी दहा मिनिटांत वर चढली. ड्रायव्हरने मोबाइलवर पावती बनवली. त्यात चॅसी नंबरमध्ये शून्याच्या जागी 'ओ' पडला होता. या 17 अक्षरी नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' कधीच नसतात, नेमका असा घोटाळा होऊ नये म्हणून. तो म्हणाला, "चालतंय हो, कोण बघतंय?" मी म्हटलं, "भाऊ, गाडी अजून माझ्या नावावर आहे, मी बघतोय." कुरकुर करत त्याने दुरुस्त केलं.

नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत विमा चालूच ठेवला होता. कागद आल्यावर आधी सतराच्या सतरा अक्षरं बोट ठेवून जुळवली आणि मग विमा कंपनीला फोन लावला.