तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पाण्यावर जगणारं लॉन

फोंड्याच्या आसपास बागांची कामं करणाऱ्या माणसाला पाऊस सरला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "कमी पाण्यावर जगेल असं गवत कुठलं हो?" विचारणारे बहुतेक नवं घर बांधलेले. काही इथलेच, काही पुण्या-मुंबईचे, ज्यांचं गोव्यातलं घर सुट्टीपुरतं उघडतं. एकेकट्याला फोनवर सांगताना अर्धं राहूनच जातं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

एवढ्या पावसाच्या मुलखात दुष्काळ सोसणारं गवत कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आभाळाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. आणि खाली जांभा. ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो तोच दगड अंगणाखाली असतो. त्यातून पाणी झिरपून जातं आणि वरची माती उन्हात कडक होते. म्हणजे गवताला चार महिने पाय पाण्यात आणि सात-आठ महिने घसा कोरडा, असे दोन्ही हाल सोसता आले पाहिजेत. परदेशी व्हिडिओंतली शिफारस फसते ती इथेच. 'टॉल फेस्क्यू' आणि 'ब्लूग्रास' थंड हवेतली, ती आपल्याकडे मार्च बघणार नाहीत. 'बफेलो ग्रास' अमेरिकेतल्या कोरड्या माळांवरचं, पाण्याच्या ओढीला फार काटक. पण तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो.

मुळात 'दुष्काळ सोसणं' म्हणजे काय, यावर माझं आणि घरमालकांचं जमत नाही. त्यांना वाटतं, पाणी न घालता हिरवं राहणारं. तसं गवत मी पाहिलेलं नाही. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, बघा. जूनमध्ये पाऊस पडायचा अवकाश, गुडघाभर गवत उभं. दिवाळी होईतो ते पिवळं पडतं. त्यातलं बरंचसं एकवर्षायू. ते मरतं, बी तेवढं दगडाच्या फटीत थांबतं. दुष्काळातून सुटायची ही एक रीत झाली, पण लॉनला तिचा उपयोग नाही. दूर्वेची रीत वेगळी. पाणी तुटलं की तिची पाती वाळतात, मात्र जमिनीवरच्या धावत्या कांड्या आणि जमिनीखालची खोडं जिवंत राहतात. पाणी मिळालं की पेरापेरातून पुन्हा फूट. गणपतीला दूर्वा वाहताना जो मंत्र म्हणतात, त्यात ती कांड्याकांड्यांतून आणि पेरापेरांतून वाढते असंच वर्णन आहे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाला त्यात दुरुस्ती सुचवता यायची नाही.

तेव्हा माझं उत्तर दूर्वा, म्हणजे हरळी, म्हणजेच नर्सरीवाले ज्याला 'बर्म्युडा' म्हणतात ते. चवथीला मुलं बांधावरून खुडून आणतात ते गवत विकत घ्यायला सांगतो म्हणून काही जण माझ्याकडे संशयाने बघतात. लॉनसाठी त्याच कुळातले बारीक पानाचे, दाट वाढणारे प्रकार निवडलेले असतात. 'सिलेक्शन वन' नावाने मिळतं ते त्यातलंच. खेळाच्या मैदानांवरचं 'टिफवे ४१९' हा दूर्वेचा आफ्रिकेतल्या तिच्या भावंडाशी केलेला संकर. त्याला बी धरत नाही, मुळ्या किंवा कांड्याच लावाव्या लागतात. या सगळ्यांची अट एकच, ऊन. दिवसातले सहा-सात तास तरी थेट ऊन नसेल तर दूर्वा विरळ होत होत जाते, मग पाणी कितीही घाला.

'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' म्हणून विकतात ते बहुधा झॉयशिया नावाच्या गवतातलं. दिसायला मऊ, गालिच्यासारखं. थोडी सावली चालवून घेतं, पाण्याची ओढही बऱ्यापैकी सोसतं, पण वाढ फार हळू. मधे खड्डा पडला की भरून यायला महिने जातात. कापायला आळस असेल तर ते घ्या. समुद्राकाठचं घर आणि उन्हाळ्यात मचूळ होणारी विहीर असेल, तर मात्र मी दूर्वेचा हट्ट सोडतो आणि पास्पालम नावाचं गवत सुचवतो. खारं पाणी त्याच्याइतकं कुठलंच लॉनचं गवत सोसत नाही. गोड पाण्याच्या टंचाईत दूर्वा त्याच्यापुढे आहे. खारटपणात ते दूर्वेच्या पुढे. रुंद पानाचं 'कार्पेट ग्रास' माडांच्या सावलीत आपसूक पसरतं, म्हणून लोकांना ते काटक वाटतं. त्याची मुळं उथळ असतात. पाणी तुटलं की सगळ्यांत आधी तेच मान टाकतं.

इथपर्यंत ऐकून लोक वही मिटतात. खरं काम याच्यापुढे आहे. घराचं बांधकाम संपलं की कंत्राटदार चिऱ्यांचा चुरा आणि सिमेंटची खरड सपाट करतो, वर दोन इंच तांबडी माती ओढतो आणि तिच्यावर गवताच्या लाद्या अंथरून देतो. फोटोत छान दिसतं. हिशेब करून बघा. बऱ्या मातीत दर १० सेंटीमीटर खोलीला गवताला उचलता येईल असं साधारण १० ते १५ मिलिमीटर पाणी साठतं. एप्रिलच्या उन्हात हिरवं लॉन रोज ४ मिलिमीटरच्या आसपास पाणी पितं. म्हणजे दोन इंच मातीतला साठा दीड-दोन दिवसांत संपला. तीच माती २० सेंटीमीटर असेल तर पाच ते सात दिवस निघतात. गवत तेच, ऊन तेच. म्हणून महागड्या लाद्यांचे पैसे वाचवा आणि मातीत घाला. आधी चुरा काढा, मग माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. दूर्वेच्या कांड्या चार-चार बोटांवर खोचल्या तरी ती जागा भरून काढते.

लावायची वेळ चवथीच्या आसपासची. जून-जुलैच्या सरींत नव्या कांड्या मातीसकट गटारात जातात. ऑक्टोबरात विचारायला आलात तर मुळं खोल जायच्या आत कोरडे महिने गाठतात, आणि तेव्हापासून रोज नळी. चवथीनंतरच्या उरल्यासुरल्या पावसावर गवत फुकटात रुजतं. रुजल्यावर पाणी रोज थोडंथोडं देऊ नका. चार-पाच दिवसांनी, पहाटे, पाणी वीतभर खाली उतरेल इतकं द्या. रोज शिंपडलं की मुळं वरच रेंगाळतात. कापताना उन्हाळ्यात यंत्राचं पातं वर घ्या, दोन इंचांपर्यंत गवत राहू द्या, आणि एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त छाटू नका. एप्रिलमध्ये 'जरा हिरवं दिसू दे' म्हणून युरिया फेकतात, तो तर मुळीच नको. त्याने कोवळी पालवी येते आणि तहान वाढते. खत सप्टेंबर-ऑक्टोबरात, पोटॅशसह.

आंब्या-फणसाखाली लॉन करू नये, एवढंच सांगतो. पाचोळा पडू द्या.

आता सुट्टीवाल्यांची तक्रार. "अहो, आम्ही येतो मे महिन्यात आणि नेमकं तेव्हाच हे वाळलेलं असतं." बरोबर आहे, तेव्हाच वाळणार. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरचं लॉन मे महिन्यात हिरवं ठेवायचं तर रोज सुमारे ४०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा टँकर बारा-तेरा दिवसांत खलास. तोही अशा दिवसांत, जेव्हा शेजारी पिण्यासाठी टँकरची वाट बघत असतात. मला हे पटत नाही, आणि मी ते तोंडावर सांगतो. सगळं लॉन झोपू द्यावं, म्हणजे पाती वाळू द्यावीत. अगदीच मुळं सुकून जाऊ नयेत म्हणून दोन-तीन आठवड्यांनी एकदा भिजवलं तरी पुरतं. त्या काळात त्यावर गाडी उभी करायची नाही, खुर्च्या टाकून रोज मैफल भरवायची नाही. झोपलेल्या गवताला तुडवलेलं भरून काढता येत नाही.

तरीही हिरवळ हवीच असेल तर पडवीसमोर पाच बाय चार मीटरचा तुकडा वेगळा ठेवा आणि तेवढाच जागा ठेवा. त्याला रोजचे ८० लिटर लागतात. भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि साबणाशिवायचं पाणी बादलीत साठवलं तर चार माणसांच्या घरात त्यातला बराच भाग तिथेच निघतो. उरलेल्या अंगणात चिरे बसवा किंवा ते मोकळं सोडा. आपल्याकडे अंगणात वाळवणं घालायची जागा लागतेच.