भरकटलेलं मन आणि चौथी हाक

बुधवार, रात्री उशिरा

आज जुनी प्रेयरची वही काढली. एक वचन कुठेतरी लिहून ठेवलं होतं ते शोधत होते, ते काही मिळालं नाही पण दुसरंच हाती लागलं आणि तेव्हापासून डोकं त्याच्यातच अडकलंय, म्हणून झोप आलेली असूनही लिहायला बसलेय.

त्याचं असं झालं की दोन-अडीच महिन्यांपूर्वी ऑफिसातून बदलीचं विचारलं होतं, घेणार का नाही ते सांगा म्हणून. मी आपली पहाटे उठून बसायला लागले, प्रभू तूच सांग, जाऊ की नको, मला तुझी वाणी ऐकायचीय. रोज वही उघडायची, तारीख टाकायची आणि काय "मिळालं" ते लिहायचं. बहुतेक दिवस काहीच मिळालं नाही. पण लक्ष कुठे गेलं तेही लिहायची मला सवय आहे, तर तिथे लिहिलंय, "मन भरकटलं, ताई." चार दिवसांनी परत, "आज लक्ष लागलं नाही, ताईचंच डोक्यात." मग पुढच्या आठवड्यात, "परत ताई. सैतान अडथळा आणतोय." आज मोजलं तर सहा वेळा. सहा! शेवटच्या वेळी तर पेन इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर वळ उठलेत.

ताईशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं. कारण लिहीत नाही, लिहायला बसले की माझीच बाजू बरोबर दिसायला लागते.

म्हणजे मी देवाला एक प्रश्न विचारत होते आणि तो कदाचित दुसरंच काहीतरी बोलत होता, आणि मी ते "अडथळा" म्हणून नोंदवून ठेवत होते, तेही सुवाच्य अक्षरात 🙈

बायबलातली शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पहिलं शमुवेल हे पुस्तक, तिसरा अध्याय. रात्र आहे, देवाचा दीप अजून विझलेला नाही, मुलगा झोपलाय आणि हाक येते. तो उठून पळत जातो मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, "मी आलो, तुम्ही मला हाक मारलीत ना?" तीन वेळा. मी लहानपणापासून हे ऐकताना एलीच्या वाणीत आणि देवाच्या वाणीत काय फरक असेल याची कल्पना करायचे, गडगडाट वगैरे. पण आत्ता परत वाचलं तर वेगळंच दिसलं. फरक असता तर तो पोरगा एलीकडे कशाला धावला असता? म्हणजे ती वाणी इतकी ओळखीची, घरातली वाटली असेल की त्याला वाटलं म्हातारबाबांना पाणीबिणी हवं असेल. आणि हे ओळखायला कोणी शिकवलं, तर त्याच एलीने, ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं आणि ज्याच्या स्वतःच्या घराविरुद्धच देवाचा तो निरोप होता. चौथ्या हाकेला कुठे शमुवेल म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे.

त्या अध्यायातली माझी सगळ्यात आवडती ओळ मात्र नंतरची आहे, तिच्यावर कोणी संदेश देत नाही. इतका भयंकर निरोप ऐकून तो पोरगा सकाळपर्यंत पडून राहतो, आणि उठून काय करतो तर परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडतो. रोजचं काम. एलीला सांगायची भीती वाटतेय, पण दारं तर उघडायला हवीत.

आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, सांगताना सगळं फार स्वच्छ असतं. "प्रभू मला म्हणाला", "प्रभूने मला सांगितलं". मी चेष्टा नाही करत, काहीजणांच्या बाबतीत ते तसंच घडत असेल, मी कोण नाही म्हणणारी. पण मागे बसलेल्या माणसाला वाटतं की यांच्याकडे डायरेक्ट लाइन आहे आणि आपलंच नेटवर्क खराब. मला कित्येक वर्षं असंच वाटायचं आणि त्या वाटण्यातूनच मी एक मोठी चूक करून बसले.

ती लिहायलाच हवी आता. माझ्या एका मैत्रिणीचा इंटरव्ह्यू होता, ती खूप टेन्शनमध्ये होती, आम्ही मिळून प्रेयर केली आणि मला आतून एकदम छान, गरम-गरम वाटलं, आणि मी डोळे उघडून तिला ठासून सांगितलं की प्रभूने मला दाखवलंय, ही नोकरी तुझीच आहे. नाही मिळाली. मी नंतर तिला म्हटलं देवाची वेळ वेगळी असते, त्याची योजना मोठी असते, वगैरे वगैरे. खरं तर म्हणायला हवं होतं की अगं मी चुकले, ती माझी इच्छा होती, मी तिच्यावर देवाचं नाव चिकटवलं. ते मी आजपर्यंत म्हटलेलं नाही. ती हळूहळू माझ्याबरोबर प्रेयर करायची थांबली, भांडण नाही काही नाही, फक्त थांबली.

बायबलात प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो ना, संदेशांचा, म्हणजे देवाकडून म्हणून आलेल्या बोलांचा, धिक्कार करू नका आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा, चांगलं ते घट्ट धरा. मी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. छान वाटलं म्हणजे देव बोलला, एवढीच माझी पारख.

या "वाटण्या"बद्दल मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट खरं तर लोयोलाच्या संत इग्नाटियसची आहे (आमच्यात संतांचं नाव काढलं की भुवया वर जातात, असो). 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन्महिने अंथरुणात. त्याला वाचायला शौर्याच्या कादंबऱ्या हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या, मिळालं काय तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या-पडल्या दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा, कधी सरदारकीची, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही रंगवताना मजा यायची. फरक नंतर कळायचा, पहिली संपली की मन कोरडं, दुसरी संपल्यावरही आनंद टिकून. त्याने तेवढंच लक्षात घेतलं, आणि नंतर आयुष्यभर लोकांना हेच पाहायला शिकवलं, की विचार कुठून आला यापेक्षा तो जाताना मागे काय ठेवून गेला.

मैत्रिणीच्या बाबतीत मागे काय राहिलं होतं? खरं सांगायचं तर रुबाब. मी किती आध्यात्मिक. ताईच्या विचाराने मात्र एकदाही छान वाटलं नाही, उलट पोटात गोळा यायचा, आणि तरी तो जायचा नाही, न ओरडता दाराशी उभा असल्यासारखा.

बायबलातल्या एलीया संदेष्ट्याचंही थोडं असंच आहे. वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती मंद वाणी, हे आपण पोस्टरवर छापतो. पण ती वाणी बोलते काय तर, एलीया, तू इथे काय करतोस? बस. आणि हा प्रश्न वाऱ्याच्या आधीही एकदा विचारलेला आहे! एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं जवळजवळ शब्दाला शब्द म्हणून दाखवतो, मीच एकटा उरलोय, माझा जीव घ्यायला टपलेत. मला हे वाचून फार बरं वाटतं. इतकं सगळं बघून माणूस तीच टेप परत लावतो, आणि देव त्याच्यावर चिडत नाही, पुढचं काम सांगतो.

तर ताई. फोन मी दोन आठवड्यांपूर्वी केलाच होता, पण वाणीबिणी म्हणून नाही, भांडी घासताना परत तिची आठवण आली आणि वैतागून म्हटलं एकदाचं करून टाकू म्हणजे शांतपणे प्रार्थना तरी करता येईल. हात ओले, फोन खांद्यात धरलेला. ती म्हणाली, "का गं, काय झालं?" मी म्हटलं काही नाही, सहजच. मग बराच वेळ शांत. मग तिने गुडघ्याचं सांगितलं, जिना चढवत नाही म्हणाली, मी विचारलं डॉक्टरला दाखवलंस का, ती म्हणाली बघू. चार-पाच मिनिटं असतील. माफी कोणीच मागितली नाही, रडारड नाही. फोन ठेवताना ती "ठेवू?" म्हणाली आणि लगेच ठेवला नाही, एवढंच.

बदलीचं उत्तर अजून मिळालेलं नाही आणि परवा कळवायचंय. पास्टरांशी बोलले तर ते म्हणाले बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा वाच. वाचलं. पवित्र आत्म्याने पौलाला आसिया प्रांतात बोलू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, कसं अडवलं ते लिहिणारा लूक सांगतच नाही. मग त्रोवस गावात रात्री दृष्टांत, मासेदोनियाचा एक माणूस 'इकडे ये' म्हणतोय. आणि त्यानंतरही "आम्ही अनुमान काढलं" असं आहे, आम्ही, म्हणजे दृष्टांत एकाला आणि विचार सगळ्यांनी मिळून. हे आधी कधी दिसलं नव्हतं. उद्या घरात सगळ्यांना बसवून बोलते, मग जे ठरेल ते.

वहीत आजपासून एक बदल केलाय. पानाच्या उजवीकडे रेघ मारून एक कडेची जागा ठेवलीय, भरकटलेल्या गोष्टींसाठी, सैतानाचं नाव न घालता. सगळंच काही देवाचं नसणार हे मला कळतं. आजच्या पानावर तिथे तीन गोष्टी आहेत, ताईचा गुडघा, इस्त्री बंद केली का, आणि त्या मैत्रिणीचं नाव.

इस्त्री उठून बघून आले, बंदच होती. मैत्रिणीचं नाव मात्र या आठवड्यात चौथ्यांदा आलंय.