तिसरा माउंट टिकला, पण आधीचे दोन का गेले?

समोर खड्डा दिसला म्हणून ब्रेक दाबला. मागून ‘टर्रर्र’ असा आवाज आला आणि माझा इलेक्ट्रिक स्केटबोर्ड थांबायचं सोडून घरंगळतच राहिला. उडी मारून उतरलो, बोर्ड उलटा केला. मोटर जमिनीकडे मान टाकून बसली होती, तिच्या तिन्ही वायरी ताणल्या होत्या आणि बेल्ट पुलीवरून निसटला होता. वेग पळत उतरता येईल इतकाच होता म्हणून निभावलं. घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डला वेगळा ब्रेक नसतो. मोटरच पळवते आणि मोटरच थांबवते, त्यामुळे मोटरची पकड सुटली की दोन्ही एकदम जातं.

ज्यांनी हा प्रकार उलटा करून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकांचा आस ज्या आडव्या ओतीव तुकड्यात बसतो तो हँगर. हँगरवर एक क्लॅम्प आवळतात, क्लॅम्पला जोडून एक प्लेट असते आणि प्लेटला मोटर तोंडाकडून बोल्ट करतात. मोटरच्या शाफ्टवर छोटी पुली, चाकाला मोठी पुली आणि मधे दातेरी बेल्ट. क्लॅम्प आणि प्लेट मिळून जे होतं ते माउंट. माझ्याकडे ६३७४ मापाची एकच मोटर आहे, म्हणजे ६३ मिमी व्यास आणि ७४ मिमी लांबी. वजन काट्यावर ८९० ग्रॅम भरलं. पुलीला १६ आणि ३६ दात, बेल्ट ५ मिमी पिचचा (म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंत ५ मिमी) आणि १५ मिमी रुंद. मोटर बोर्डाच्या खाली, म्हणजे मागच्या आसाच्या पुढच्या बाजूला येते. ही शेवटची गोष्ट तेव्हा मला बिनमहत्त्वाची वाटत होती.

पहिल्या माउंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये छापला होता. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि चढ चढून आलेल्या मोटरला हात लावून धरवत नाही, यातच सगळं आलं. बोल्टची भोकं लांबट झाली, मग थरांच्या रेषेतून तो सरळ उकलला. मापं जुळतात का हे बघायला प्रिंट उत्तम. त्यावर उभं राहून फिरायला जाऊ नये.

दुसरा माउंट मी अभिमानाने बनवून घेतला होता. ६०६१-टी६ ॲल्युमिनियम, ६ मिमी जाड, एका बाजूला फट असलेला क्लॅम्प आणि त्याला एम५चे दोन बोल्ट. हातात घेतला की वाटायचं, हा आपल्याआधी जायचा नाही. सुरुवातीचे काही दिवस तसंच झालं. मग मोटर खाली झुकायला लागली. आवळायचो, परत झुकायची. क्लॅम्पमध्ये आटे पाडून एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) हँगरवर टेकवला, तेव्हा काही दिवस शांतता. नंतर उघडून पाहिलं तर ग्रब स्क्रूच्या टोकाने हँगरच्या मऊ ओतीव धातूत नखाएवढी चरी कोरली होती आणि त्याच चरीत तो मागेपुढे सरकत होता. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग त्यानंतरचा.

त्या दिवशी माउंट पुसताना क्लॅम्प आणि प्लेट जिथे जुळतात त्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ दिसली. पुसली, गेली. बोटाने प्लेट दाबली, रेघ परत आली. तडा होता. ॲल्युमिनियमचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की अशी काळी भुकटी निघते. तडा उघडमीट करत होता आणि भुकटी बाहेर टाकत होता.

माझा पहिला विचार अगदी साधा होता: प्लेट कमजोर पडली, अजून कडक धातू घ्या. ७०७५-टी६ या दुसऱ्या ॲल्युमिनियमची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण, ५०० मेगापास्कलच्या आसपास, ६०६१-टी६ची २७५च्या आसपास. जवळजवळ दुप्पट, विषय संपला! जुना माउंट घेऊन मामाकडे गेलो. मामाचं आयुष्य लेथवर गेलंय. त्याने माउंट हातात फिरवला, क्लॅम्पच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘अरे, दोर तुटलाय की गाठ सुटलीय ते आधी बघ. तू नुसता दोर जाड करायला निघालायस.’’

क्लॅम्पच्या आत घासल्याच्या खुणा फक्त दोन बारीक पट्ट्यांत होत्या. बाकी सगळीकडे क्लॅम्प हँगरला टेकलाच नव्हता. हँगर ओतीव असल्याने टोकाकडे किंचित निमुळता होतो, क्लॅम्पचं भोक मात्र सरळ. शिवाय हँगरवर रंगाचा थर. बोल्ट कितीही आवळा, रंग दबत जातो आणि आवळलेला ताण तेवढाच उतरतो.

मग कागद घेतला. मोटर १९० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे. त्यावरून पीळ निघतो: ९.५५ भागिले १९०, दर ॲम्पिअरला साधारण ०.०५ न्यूटन-मीटर. कंट्रोलरमध्ये मोटर करंट चालताना आणि ब्रेकला दोन्हीकडे ६० ॲम्पिअर ठेवलेला. म्हणजे शाफ्टवर ३ न्यूटन-मीटर. पुलींमुळे चाकाशी ते सव्वादोन पट, म्हणजे ६.८. चाकाला जेवढा पीळ मिळतो तेवढाच उलट्या दिशेने क्लॅम्पला बसतो. इथपर्यंत मला अंदाज होता.

ज्याचा हिशोब मी कधीच केला नव्हता तो मोटरच्या वजनाचा. आसापासून मोटरच्या मध्यापर्यंत ७३ मिमी. नुसती उभी असताना ८९० ग्रॅमचा पीळ जेमतेम ०.६४ न्यूटन-मीटर. पण स्केटबोर्डला सस्पेन्शन नसतं. चाकाचं रबरासारखं कडक युरेथेन आणि हँगरजवळचे बुश, म्हणजे छोट्या लवचीक गाद्या, बस्स. चाक एखाद्या कडेवर आदळून वजनाच्या दहापट धक्का बसला तर तेच ०.६४ होतं ६.४. म्हणजे मोटर पूर्ण जोर लावून जे करते, तेवढंच ती नुसती लटकून राहिल्याने एका खड्ड्यात होतं.

आता दिशा बघा. माझी मोटर आसाच्या पुढे आहे. वेग वाढवताना क्लॅम्पवरचा पीळ तिला वर उचलतो, ब्रेक मारताना खाली दाबतो. खड्ड्यात चाक वर उसळतं तेव्हा मोटर मागे राहते, म्हणजे तीही खालीच ओढते. खड्डा दिसला की माणूस काय करतो? ब्रेक मारतो. दोन्ही बेरजेत येतात, १३ न्यूटन-मीटरच्या वर. मोटर आसाच्या मागे असती तर ब्रेक आणि खड्डा एकमेकांना थोडेफार छेदले असते, आणि वेग वाढवताना खड्डा आला असता तर बेरीज झाली असती. मला ती मागे नेणं शक्य नव्हतं, मागून ती ठोकली जाते. पण माउंट कायम ब्रेकलाच का सरकायचा याचं उत्तर मिळालं.

मामाने हँगर पकडीत बसवायला लावला, जुना क्लॅम्प त्यावर नेहमीसारखा आवळला आणि त्याला अर्धा मीटर लांब पट्टी बांधली. टोकाला २ किलो लटकवल्यावर क्लॅम्प सरकला. म्हणजे साधारण १० न्यूटन-मीटर. लागतात तेरा. यात गूढ काही नव्हतंच.

तडा गेलेला तुकडा आम्ही मुद्दाम वाकवून मोडला. तुटलेल्या तोंडाचा साधारण तिसरा भाग काळपट आणि गुळगुळीत, उरलेला ताजा, दाणेदार आणि चमकता. जो भाग गुळगुळीत तो कित्येक दिवस थोडाथोडा उकलत होता. सुरुवात बरोबर त्या आतल्या टोकदार कोपऱ्यातून. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी सहसा चालतो. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ताण छोटा असला तरी फेरे मोजले जातातच. प्रत्येक ब्रेक एक फेरा, प्रत्येक खड्डा एक फेरा. आणि सैल क्लॅम्पमुळे मोटरला हिसका घ्यायला मोकळी जागा मिळत होती, ते वेगळंच.

तिसऱ्या माउंटसाठी धातू तोच ठेवला, ६०६१. ७०७५ ताकदीला जास्त, पण वाकण्याला विरोध दोघांचा जवळपास सारखा, ६९ आणि ७२ गिगापास्कल. जोराच्या ब्रेकला बेल्ट दात सोडायचा तो प्लेट मोडल्यामुळे नाही, वाकल्यामुळे. त्यावर उपाय जाडीचा: ६ऐवजी ८ मिमी घेतली की कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, जवळपास २.४ पट. आतल्या कोपऱ्याला ६ मिमी त्रिज्येची गोलाई दिली. कापलेल्या कडांवरच्या बारीक रेघा आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने काढल्या. हे काम कंटाळवाणं आहे, मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि दिसायला काहीच फरक पडत नाही.

खरी मेहनत गाठीवर. क्लॅम्प दोन वेगळ्या अर्ध्या भागांचा, २० मिमी रुंद, एम५चे चार बोल्ट. हँगरचा रंग त्या जागेपुरता पूर्ण खरवडला. भोक हँगरच्या निमुळतेपणाला जुळेपर्यंत मामाने शाई लावून, बसवून, घासून, परत शाई लावून बसवलं. शाईचा डाग सगळीकडे सारखा उठेपर्यंत त्याने मला घरी जाऊ दिलं नाही. हँगरला खालून एक मिलिमीटरभर सपाट जागा कानसली आणि क्लॅम्पच्या खालच्या अर्ध्यात तशीच सपाटी ठेवली, म्हणजे नुसत्या घर्षणावर भिस्त नको. शेवटी धातूची भुकटी असलेला इपॉक्सी भरून आवळला आणि दिवसभर हात लावला नाही. वेल्डिंगचा विचार आला होता, पण टी६ची ताकद उष्णतोपचाराने आलेली असते. वेल्डच्या शेजारी ती बरीचशी उतरते, तीही हँगरमध्ये, जो माझं वजन वाहतो.

बोल्टबद्दल एक गोष्ट. माझा स्प्रिंग वॉशरवर फार विश्वास होता. गेऱ्हार्ड युंकर नावाच्या अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की आडव्या कंपनाने बोल्ट आपोआप फिरून सुटतो, आणि त्या कंपनापुढे स्प्रिंग वॉशर जवळपास निरुपयोगी ठरतो. आता आटे स्वच्छ पुसून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावतो. मोटरचे एम४ बोल्ट घेताना लांबी मोजूनच घ्या. प्लेट जाड झाली म्हणून लांब बोल्ट घातला आणि तो आत वायंडिंगला, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांना, टेकला, तर माउंट शाबूत आणि मोटर जळालेली.

परत तीच पट्टी, तोच अर्धा मीटर. ५ किलो लटकवले, साडेचोवीस न्यूटन-मीटर. हललं नाही. मामाने वजन चारपाच वेळा वर उचलून सोडलं, माझ्या पोटात गोळा आला. तरी हललं नाही.

क्लॅम्प आणि हँगर दोन्हींवरून जाणारी एक पांढरी रेघ पेंट मार्करने ओढून ठेवली आहे. हँगरपाशी रेघ १ मिमी तुटली तर मोटरपाशी तेच ७ मिमी झालेलं असतं, पण झुकलेल्या मोटरआधी तुटलेली रेघच डोळ्यात भरते. दर वेळी निघण्याआधी बोर्ड उलटा करतो, रेघ बघतो, कोपऱ्यावरून कापड फिरवून काळी भुकटी येते का बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

सहाशे किलोमीटर झाले, रेघ अजून सरळ आहे. मागच्या आठवड्यात चढावर बेल्टचेच चार दात उडाले. मामाला सांगितलं तर त्याने विचारलं, ‘‘बेल्ट बदलायला किती वेळ लागतो?’’ वीस मिनिटं, म्हटलं. ‘‘मग एक जादा ठेव पिशवीत,’’ म्हणाला आणि फोन ठेवला.