वेण्णेच्या काठानं वर, कृष्णेच्या काठानं खाली

वेण्णा आणि कृष्णा, दोघींचं माहेर महाबळेश्वर. एक मेढ्याकडून उतरते, दुसरी वाईकडून, आणि साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुलीत त्यांची गाठ पडते. या दोन खोऱ्यांमधल्या डोंगररांगेला सायकलवरून एका दिवसात वळसा घालायचा म्हटलं, तर निम्मी आखणी नद्यांनीच करून ठेवलेली आहे: सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, पाचवड, सातारा. साधारण १२० ते १२५ किलोमीटर. उरलेली निम्मी आखणी आपली, आणि घोळ होतो तो तिथंच.

कारण सगळे किलोमीटर मोजतात. मोजायचा असतो चढ. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, तर महाबळेश्वर १,३७२ मीटरवर. ही उंची एकदाच चढायची आहे, शिवाय मधले चढउतार वेगळे. नकाशाचं अ‍ॅप एकूण चढाईचा जो आकडा दाखवतं, त्यावर घाटात डोळे झाकून विसंबू नये. अशा अ‍ॅपमधली उंची बऱ्याचदा उपग्रहानं किंवा अवकाशयानानं मोजलेल्या चौकटींवरून येते, आणि एकेक चौकट तीस-तीस मीटरची. घाटातला रस्ता कड्याला चिकटून जातो. रेघ थोडी इकडेतिकडे झाली की अ‍ॅप रस्त्याऐवजी वरचा कडा किंवा खालची दरी मोजतं, आणि नसलेले चढ-उतार बेरजेत शिरतात. त्यापेक्षा पायथ्याची आणि माथ्याची उंची पाहावी, वजाबाकी करावी, घाटाच्या लांबीनं भागावं. पाचगणी ते वाई या दहा-बारा किलोमीटरांच्या पसरणी घाटात साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची जाते. म्हणजे सरासरी पाच टक्के. सरासरीत वळणावरचे आठ-नऊ टक्के लपून बसतात, हेही ध्यानात असू द्यावं.

आता गिअर. पेडलजवळच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या चाकावरच्या चक्रालाही ३४ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. २८ मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटरनं चढता येतं, आणि गुडघा कुरकुरत नाही. पुढे ३९ आणि मागे २८ असतील, तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी साडेदहाचा वेग लागतो. तो टिकला नाही की फेरे चाळिसावर येतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर पडतो, आणि माथा यायच्या आत पाय संपतात. हौसेनं मागे मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, चढवणाऱ्यांनी एक बेरीज आधी करावी. पुढच्या दोन चक्रांच्या दातांतला फरक अधिक कॅसेटच्या सर्वांत मोठ्या आणि लहान चक्रांतला फरक. ५०-३४ आणि ३४-११ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. मागच्या डिरेल्युअरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राची, क्षमता याहून कमी असेल, तर चेन लहान चक्रांवर लोंबते किंवा मोठ्या चक्रांवर ताणून सगळं मोडून ठेवते. जुनी चेनही बहुधा तोकडी पडते. हे काम निघायच्या आदल्या रात्री करायचं नाही.

दिशेबद्दल वाद चालतो. आमचा कौल मेढ्याकडून चढण्याला. मोळाच्या ओढ्यावरून कोंडव्याकडे निघालं की कण्हेर धरणाचं पाणी आणि मेढ्यापर्यंतचा रस्ता पायांना ऊब आणतो. खरा चढ केळघर सोडल्यावर. तोवर सकाळ असते, वाहनं कमी असतात आणि पाय ताजे असतात. उलट दिशेनं गेलात, तर पसरणी घाटाच्या उघड्या चढावर पर्यटकांच्या गाड्या मागून हॉर्न देत असतात, आणि केळघरचा अरुंद घाट दमलेल्या हातांनी उतरावा लागतो. मेढ्याचा आणखी एक फायदा म्हणजे पळवाट. तिथवर पोचताना दम लागला, चेन कुरकुरली किंवा आभाळ भरून आलं, तर कुडाळमार्गे पाचवडला निघता येतं आणि महाबळेश्वर पुढच्या खेपेला ठेवता येतं. केळघरच्या पुढे असा पर्याय हाताशी नाही, म्हणून निर्णय मेढ्याच्या चहावर घ्यावा. जून ते सप्टेंबर हा बेत आखूच नये. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, घाटात दरडी येतात आणि शेवाळलेल्या डांबरावर बारीक टायर टिकत नाही. दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले.

महाबळेश्वरला पोचलं की झालं, असं वाटतं. तसं नाही. पाचगणीपर्यंतचे एकोणीस-वीस किलोमीटर कागदावर उताराचे, रस्त्यावर वरखाली. वेण्णा तलावापाशी घोडे, गाड्या आणि कणसं. शनिवार-रविवारी इथं सायकलही गाड्यांच्या रांगेत अडकते. मधलाच वार गाठता आला तर उत्तम.

उतारासाठी दोन गोष्टी लागतात: अंगावर विंडचीटर आणि हातात संयम. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबानं वर साताऱ्यापेक्षा चार-पाच अंश थंडी. घामेजलेला शर्ट वाऱ्यात गार पडतो, बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. विंडचीटर नसेल तर छातीशी वर्तमानपत्र खोचावं, जुना उपाय आहे पण चालतो. ब्रेक सलग दाबून ठेवायचा नाही. रिम ब्रेकच्या सायकलची रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, जुन्या ठिगळाचा सोल्युशन सैल पडतो, आणि ट्यूब फुटते ती नेमकी वळणावर. डिस्क ब्रेकमध्ये पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात दाबावा, वेग उतरवावा, सोडावा, वळण घ्यावं. वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी आणि डिझेलचे डाग असतात, तिथं सायकल झुकवायची नाही. पसरणीतली माकडं खाऊच्या पिशवीवर टपलेली असतात. थांबायचंच असेल तर ती बघून थांबावं.

खाण्याचं गणित तासावर बसवावं. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि अर्धा-पाऊण लिटर पाणी. मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात, बाकी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर. साताऱ्याचा कंदी पेढा खिशात ठेवायला सोयीचा आहे, पण चढावर चावताना दुधाची घट्ट चव घशात राहते. तो माथ्यावर खावा. तहान लागल्यावर पिणं आणि भूक लागल्यावर खाणं, घाटात दोन्हीला उशीर झालेला असतो.

सामानात दोन ट्यूब, ठिगळं, टायर लिव्हर, पंप आणि एलन कीचा संच. शिवाय एक पितळी अ‍ॅडॉप्टर, कारण गावातल्या पंक्चरवाल्याकडची हवेची नळी स्कूटर-मोटारीच्या व्हॉल्व्हला बसते, रोड सायकलच्या बारीक प्रेस्टाला नाही. तो नसल्यानं लोकांनी भर दुपारी हातपंपानं ऐंशी पौंड भरलेले आहेत.

वेळेचा अंदाज बांधायला ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं, मोजमाप सोयीचं. तिथं २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, चहा-पंक्चर-विश्रांती धरून, म्हणजे ताशी पंधराच्या आतच. हाच वेग धरला तर या वळशाला आठ-साडेआठ तास. पहाटे साडेपाचला निघणाऱ्यानं डिसेंबरात पुढचा-मागचा दिवा दोन्ही लावावेत, उजाडायला सात वाजतात.

वाई ते पाचवड आणि पुढे महामार्गाला समांतर सर्व्हिस रोड, हा टप्पा सपाटीला जवळचा म्हणून लोक गाफील राहतात. गळीत हंगामात भुईंजच्या बाजूनं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कांडं रस्त्यावर पडलेली, मागे दिवा असेलच याची खात्री नाही, आणि सर्व्हिस रोडवर समोरून उलट्या दिशेनं मोटारसायकली. शिवाय ऊन आणि समोरचा वारा. वाढे फाट्यावरून वेण्णा ओलांडली की पोवई नाक्यापर्यंत शहर पुन्हा चढतं. हा चढ बहुतेक आखण्यांत नसतोच. एक चिक्की त्याच्यासाठी वेगळी ठेवावी.